ङपासून सुरू होणारी नदी

आमच्या ॲडलेडच्या मराठी मंडळाने गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या सुरुवातीला काउणा या इथल्या मूळनिवासी समाजातल्या एका ज्येष्ठ बाईंना बोलावलं होतं. इथे मोठा कार्यक्रम असाच सुरू होतो. ज्यांची ही भूमी, त्यांच्यातलं कुणीतरी वडीलधारं येतं आणि आलेल्यांचं स्वागत करतं. सगळे त्यांना आंटी, अंकल म्हणतात. आपण मावशी-काका म्हणतो तसंच, आदराने. हॉलमध्ये नेहमीची गडबड होती. नऊवारी सावरत पळणाऱ्या मुली, उकडीच्या मोदकांचा तुपाळ वास, मागे कुणीतरी ताशा कितपत तापलाय ते टिचक्या मारून बघत होतं. आंटी माइकपाशी आल्या आणि आधी आपल्या भाषेत बोलल्या. ‘माणी ना पुड्नी.’ तुम्ही सगळे आलात, बरं झालं. पुढे आणखी चार-पाच वाक्यं. माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले, ‘मेलेली भाषा आहे हो ही. शेवटची बोलणारी बाई १९२९ साली गेली. आता पुस्तकातनं पाठ करून बोलतात.’ बोलण्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. नेमकं त्याच वेळी शेजारी बसलेल्या मामांनी माझं मनगट धरलं. मामा मिरजेचे, उभं आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलेलं, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. ‘अगं, ऐकलंस का? ङ म्हणाल्या त्या. शब्दाच्या सुरुवातीला ङ!’

मागच्या रांगेतलं ते वाक्य मला आजतागायत पचलेलं नाही.

घरी आल्यावर मामांनी दुसरा विषय काढूच दिला नाही. लहानपणी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता असायचा, क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा. त्यानंतरच्या चौकोनात ङ एकटाच बसलेला असायचा, चित्राशिवाय. आम्ही तो ‘ड’वर टिंब देऊन काढायचो आणि नाकातून काहीतरी आवाज करून पुढे च चमच्याकडे पळायचो. मराठीत तो येतो तो कुणाच्या तरी आडोशाने, वाङ्मयात, नाहीतर गंगा-पंकज यांच्या अनुस्वारात लपून. स्वतःच्या पायावर उभं राहून शब्द सुरू करायची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. ‘धातुपाठात ङु म्हणून एक धातू दिलाय,’ मामा म्हणाले. ‘अर्थ काय, तर आवाज करणे. पण वापरलेला मी कुठे वाचला नाही. पाठ करणाऱ्यांनी जपला म्हणून राहिला.’ मग चहाचा कप तसाच हातात धरून ते बराच वेळ ‘ङाइ, ङाइ’ म्हणत बसले. काउणा भाषेत ङाइ म्हणजे मी. त्या भाषेत माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की पहिला ध्वनी ङ.

मराठी कानाने ही भाषा ऐकायला बसलं की कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. तिचं नाव रोमन लिपीत लिहितात तेव्हा त्यात आर आणि एन अशी दोन अक्षरं जोडीने येतात. ती मिळून एकच ध्वनी दाखवतात, आपला ण. इंग्रजी बोलणारे बहुतेक जण ‘गाना’ म्हणून मोकळे होतात. क की ग यावरून वाद घालायचं कारण नाही, कारण ती भाषा त्या दोघांत भेदच करत नाही. प आणि ब, त आणि द यांचंही तसंच. पण ण गेला की ते नाव राहत नाही. आपल्याकडे श्वासाचा आणि घोषाचा थाट मोठा, क-ख-ग-घ असे चार-चार भाऊ प्रत्येक घरात. त्यांच्याकडे थाट आहे तो जिभेच्या जागांचा. कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ ही आपली पाचही ठिकाणं तिथे आहेत आणि शिवाय सहावं, वरच्या दातांमागच्या उंचवट्याचं. प्रत्येक ठिकाणी एक स्पर्श, प्रत्येक ठिकाणी एक अनुनासिक. मल्याळी माणसाला ते सहावं ठिकाण वेगळं ऐकू येतं. आपण मराठी माणसं ते ऐकलं की सरसकट ट म्हणून टाकतो, इंग्रजी ‘टेबल’चं केलं तसं. ळ आहे. र तर तीन तऱ्हेचे आहेत. आणि घासत जाणारा ध्वनी एकही नाही: स नाही, श नाही, फ नाही, ह नाही. ‘पुड्नी’मधला तो ड् हा वेगळा व्यंजन म्हणून येत नाही, जीभ आधी क्षणभर दार लावते आणि मग न सोडते, म्हणून न ला मागून हलकासा धक्का बसल्यासारखा वाटतो. मामांना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला आणि करून दाखवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी रोज सीफर्डहून लोकलने शहरात जाते. सकाळी गाडी निघाली की थोड्याच वेळात उंच पुलावर येते. खाली खाडीचं संथ, मातकट पाणी, कडेने खारवट चिखलातली खुरटी झुडपं, कधी एखादा पेलिकन. ही ऑन्कापरिंगा नदी. वर्षानुवर्षं मी हे नाव इंग्रजी समजून ऐकत आणि लिहीत आले, पत्त्यात, घरपट्टीच्या कागदांवर. मूळ नाव ङाङ्कीपारी. ङाङ्की म्हणजे बाई, पारी म्हणजे नदी. शेवटी ‘ङ्गा’ लागलं की त्या ठिकाणी, आपण पुण्यात, साताऱ्यात म्हणतो तसा तो प्रत्यय. वसाहत करायला आलेल्या माणसांना शब्दाच्या तोंडाशी ङ म्हणता येईना, तेव्हा त्यांनी तो टाकून दिला आणि उरलेलं नाव नकाशावर चढवलं. जवळच्या आल्डिंगाचंही तेच, ते ङाल्टिङ्गा. पूल ओलांडला की नोअर्लंगा स्टेशन. त्याचं मूळ नुळुङ्गा, वळणाची जागा, आणि त्यात चक्क ळ. हे कळल्यापासून स्टेशनवरची पाटी मला वेगळीच दिसायला लागली. गाडीत माझ्या आसपास बसलेली माणसं दिवसातून दहा वेळा काउणा बोलतात, फक्त त्यातले ङ आणि ळ काढून घेतलेले आहेत. भाषा मेली म्हणणाऱ्या त्या गृहस्थांचं घरही याच मार्गावर आहे.

ती भाषा लिहिली कुणी, ही गोष्टही सांगायला हवी. ऑक्टोबर १८३८मध्ये नवे गव्हर्नर गॉलर ज्या जहाजातून इथे उतरले, त्या जहाजाचं नाव ‘पेस्तनजी बमनजी’. बांधलेलं स्कॉटलंडमध्ये, नाव मात्र मुंबईच्या वाडिया घराण्यातल्या पारशाचं. त्याच जहाजात दोन जर्मन मिशनरी होते, तिशीतला टायशेलमन आणि तेवीस वर्षांचा शूरमन. धर्मप्रसार लोकांच्या भाषेतच करायचा, हा त्यांच्या मिशनचा दंडक. दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर १८४०मध्ये त्यांनी काउणाचं व्याकरण, सुमारे २००० शब्द आणि शे-दोनशे वाक्यं छापून काढली. एवढ्या थोड्या काळात परकी भाषा अशी लिहून निघते, ती शिकवणारे तसे भेटले तर. मुळावीरापुर्का, काड्लित्पीना आणि इत्यामायित्पीना हे ते शिकवणारे. गोऱ्यांनी त्यांना किंग जॉन, कॅप्टन जॅक, किंग रॉडनी अशी नावं दिली होती. आज शहराच्या पूर्वेला लागून तीन बागा आहेत, एकीला एक चिकटून. त्यांना या तिघांची नावं जोडलेली आहेत. फ्रिंज महोत्सवात तिथे तंबू पडतात, दिवे लागतात, आम्हीही मुलीला घेऊन जातो. हे तिघं शिक्षक होते, असं लिहिलेलं मला तिथे पाहिजे होतं. राजा आणि कप्तान यांपेक्षा ते जास्त खरं आहे.

त्या मिशनऱ्यांनी नदीकाठी पिळ्टावाड्ळी इथे २३ डिसेंबर १८३९ रोजी शाळा सुरू केली. पिळ्टा हा पॉसम, झाडावरचा केसाळ प्राणी. वाड्ळी म्हणजे घर. (वाडा आठवतोच, पण हा निव्वळ योगायोग, त्यावर नातं जोडू नये.) मुलं आपल्या भाषेत लिहा-वाचायला शिकली. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली काउणा पत्रं पुढे जर्मनीत, मिशनच्या दप्तरात सापडली. १८४५मध्ये गव्हर्नर ग्रे यांच्या कारकिर्दीत ही शाळा बंद झाली आणि मुलांना किंटोर ॲव्हेन्यूवरच्या नव्या शाळेत नेलं, जिथे फक्त इंग्रजी. त्या जागी आज स्थलांतरितांचं संग्रहालय आहे. आमच्यासारखी मंडळी आपले आजोबा-पणजोबा कुठून आले, कशी वसली, ते बघायला हौसेने तिथे जातात. ज्यांना कुठूनही यावं लागलं नव्हतं, त्यांची भाषा जिथे बंद करायला घेतली, नेमकी ती ही जागा. मला तिथल्या अंगणात उभं राहवत नाही, आणि तरी प्रत्येक पाहुण्याला मी तिथे घेऊन जाते. पुढची गोष्ट तर आणखी चक्रावणारी. हेच ग्रे नंतर दक्षिण आफ्रिकेत गव्हर्नर झाले. जगभरच्या भाषांची हस्तलिखितं जमवण्याचा त्यांना नाद. टायशेलमनने १८५७मध्ये आपलं वाढवलेलं काउणा शब्दकोशाचं हस्तलिखित त्यांना पाठवलं आणि ते केपटाउनच्या ग्रंथालयात राहिलं. ज्यांच्या राज्यात मुलांच्या तोंडून भाषा काढून घेतली, त्यांच्याच कपाटात ती कागदावर शाबूत राहिली. ग्रे यांना यासाठी दुवा द्यावा की दूषण, हे मी ठरवू शकलेले नाही.

त्या तीन शिक्षकांपैकी इत्यामायित्पीना यांची मुलगी इपारित्यी. नावाचा अर्थ धुक्यासारखा भुरभुर पाऊस. काउणा बोलणारी शेवटची ज्ञात व्यक्ती म्हणून मंडळातल्या गृहस्थांनी सांगितलेली बाई ती हीच. १९२८ सालचा तिचा एक फोटो आहे. म्हातारी, खांद्यावरून कातड्याची शाल घेतलेली, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. २५ डिसेंबर १९२९ रोजी ती गेली. मला सारखा एकच प्रश्न पडतो, ती बोलत कुणाशी असेल? परदेशात राहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल. दिवसभर दुसऱ्या भाषेत राहून संध्याकाळी फोनवर कुणाला तरी ‘अगं, काय करतेस’ म्हटल्याशिवाय जीव जागेवर येत नाही, हे आम्ही सगळे अनुभवतो. पण आमच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोट्यवधी माणसं आहेत. तिच्या वडिलांनी दोन परक्या तरुणांना शब्दन् शब्द सांगितला, आणि तिला आपले शब्द सांगायला उरली ती पुन्हा वही घेऊन येणारी माणसंच. १९१९मध्ये डेझी बेट्स आल्या, त्याच सुमारास जे. एम. ब्लॅक आले. ब्लॅक मुळात वनस्पतींचे अभ्यासक, पण कान तयार. त्यांनी थोडेच शब्द टिपले, मात्र ध्वनी नीट ओळखून टिपले.

तिचा आवाज मात्र कुणीही मुद्रित केला नाही.

जुन्या काउणा भाषकांपैकी कुणाच्याच आवाजाचं ध्वनिमुद्रण नाही. मग आज आंटी ण म्हणतात तो कशावरून? कागदावरून, आणि शेजारणींवरून. जर्मन मिशनऱ्यांनी बरंच टिपलं, पण दातांवरचा न आणि उंचवट्यावरचा न त्यांनी नीट वेगळे ठेवले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या भाषेत तो भेदच नाही. तिथे ब्लॅक यांच्या टिपणांची मदत होते. आणि उत्तरेकडच्या नुकुनु, आद्न्यामाथान्हा या सख्ख्या बहिणींची. त्यांच्यातला तोच शब्द लोकांच्या तोंडून ऐकलेला असला, की काउणात जीभ कुठे लागत असेल याचा अंदाज बांधता येतो. त्या भाषा मुद्रित करणाऱ्यांत लुईस हर्कस या बाई होत्या. म्युनिकमध्ये १९२६ साली जन्मलेल्या, ज्यू, १९३८मध्ये जीव वाचवून इंग्लंडला आलेल्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात त्या संस्कृत शिकवायच्या, आणि त्यांचा खास अभ्यास प्राकृत भाषांचा. म्हणजे आपल्या मराठीच्या आज्या-पणज्यांचा. सुट्टी लागली की गाडी घेऊन वाळवंटाकडे निघायचं, म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचं, टेपरेकॉर्डर लावायचा, असं त्या कित्येक वर्षं करत राहिल्या. ट-वर्ग आणि त-वर्ग यांत घोळ न करणारा कान या कामाला मिळाला, त्यामागे पाणिनीच्या परंपरेचाही थोडा हात आहे असं मला वाटतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी हर्कस यांचं नाव आपल्या वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग ही भाषा परत बोलायला सुरुवात झाली. १९९०च्या सुमारास गाण्यांपासून, पुढे उत्तरेकडच्या एलिझाबेथ उपनगरातल्या काउणा प्लेन्स शाळेतून. तिथल्या माजी मुख्याध्यापिका आलित्या रिग्नी, अंकल लुईस ओब्रायन आणि भाषाशास्त्रज्ञ रॉब अमेरी यांनी २००२मध्ये ॲडलेड विद्यापीठात काउणा वारा पिन्त्यान्ती हा गट उभा केला. कुणाला काउणा नाव हवं असेल, भाषांतर हवं असेल, तर त्यांच्याकडे विचारणा करायची. भाषा समाजाची आहे, वाटेल त्याने उचलून दुकानाच्या पाटीवर लावायची नाही. हे मला फार पटतं. लुईस ओब्रायन यांचा जन्म १९३०चा, इपारित्यी गेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांचा. जॅक कान्या बकस्किन हा तर माझ्यापेक्षा तरुण माणूस, मोठेपणी भाषा शिकला, शिकवायला लागला आणि स्वतःच्या मुलांशी ती बोलायला लागला. लहान मूल रडत असताना, दूध सांडत असताना, पुस्तकातून परत आणलेल्या भाषेत त्याला रागवायचं आणि समजवायचं, याला किती धीर लागत असेल ते मुलं वाढवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

माझी मुलगी इथेच जन्मली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. ती ‘केली खाते’, ‘शालेत जाते’. मामांनी मुक्कामभर तिचा ळ हातात घेतला होता. जेवणं झाली की दोघं आरशासमोर. ‘जिभेचं टोक वर ने. अजून मागे. टाळूला लागलं? आता तिथून पुढे आपट.’ तिची जीभ वळायची, थरथरायची, मधूनच लाळ गळायची आणि दोघंही हसायचे. ‘केऽल...’ ‘नाही, हा ल झाला. परत.’ एका रात्री तो आला, ओला, जड, थोडा जास्तच मागून आलेला, पण ळच. तिने तो त्या रात्री इतक्या वेळा म्हटला की मीच म्हटलं, ‘अगं बाई, झोप आता.’ ज्या काउणा माणसांनी मोठेपणी आपली भाषा घेतली, त्यांचीही तोंडं याच शहराच्या इंग्रजीने घडवलेली. त्यांनाही हीच जीभ अशीच मागे वळवावी लागली. पण त्यांच्याजवळ ‘नाही, हा ल झाला’ म्हणणारा मामा नव्हता. चूक की बरोबर, हे सांगणारं अख्ख्या पृथ्वीवर कुणी उरलं नव्हतं. तरी त्यांनी तोंड उघडलं.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी काही बोलले नाही. मध्यंतरी लोकलमध्ये भेटले तेव्हा विषय काढला. म्हटलं, ‘दादा, पुस्तकातली आहे हे खरं. पण पुस्तकात ती आली कुठून? त्या तीन माणसांनी बसून सांगितली म्हणून आली. त्यांतल्या एकाची ती मुलगी.’ ते म्हणाले, ‘हे मला ठाऊक नव्हतं. पण बोलीत जो जिवंतपणा असतो, तो कसा यायचा?’ प्रश्न खोटा नाही. आजची काउणा १८३८च्या काउणासारखी तंतोतंत नसणार, बोलणारेही तसा दावा करत नाहीत. सुरावट इंग्रजीची मिसळत असेल. म्हणी, टोमणे, अंगाईतले निरर्थक शब्द, भांडणातले खास शब्द, जे कुठलाही मिशनरी लिहून घेत नाही, ते गेले आणि ते परत येणार नाहीत. याचं दुःख मला वाटतं, ते कुठल्या स्वागताच्या भाषणाने जात नाही. पण नवे टोमणे त्या घरांतून आता तयार होत असतील. मी त्यांना तेवढंच म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘आमच्या स्टेशनचं नाव काय म्हणालात मघाशी? परत म्हणा.’

यंदाच्या उत्सवाचा हॉल त्यांच्याच भागात आहे. निमंत्रणात मी नुळुङ्गा लिहिलं. कार्यवाह म्हणाले, ‘ताई, लोकांना नकाशावर सापडणार नाही.’ म्हणून नुळुङ्गा मोठ्या अक्षरांत आणि खाली कंसात नोअर्लंगा, असं ठरलं. पत्रिका मांडणाऱ्याकडून ङचं टिंब राहिलं आणि ते नुळुड्गा होऊन सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. दहा मिनिटांत मिरजेहून मामांचा फोन. ‘अगं, टिंब राहिलंय. आजच्या आज सुधारून पाठव.’ पाठवलं.